नियम पाळूनही बेरिंग समुद्रातले खेकडे गेले, मग कोटा ठरवायचा तरी कशाच्या जोरावर?

नीलकमळ

मी गेली अकरा वर्षं सिएटलला राहते. अलास्काच्या खेकड्यांवर जाणाऱ्या बऱ्याच बोटी इथल्याच. घराजवळच्या धक्क्यावर त्यांचे पिंजरे रचून ठेवलेले असतात. लोखंडी सांगाडा, त्यावर नायलॉनचं जाळं, एकेक पिंजरा पुरुषभर उंचीचा आणि ३०० किलोच्या आसपास वजनाचा. शरद ऋतूत ते बोटींवर चढवायची लगबग सुरू झाली की मला आमच्याकडची नारळी पौर्णिमेआधीची धावपळ आठवते.

ऑक्टोबर २०२२मध्ये ते पिंजरे जागचे हलले नाहीत. अलास्का राज्याने बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदाच रद्द केला. २०१८ ते २०२१ या काळात तिथले हजार कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले होते. शेजारच्या गल्लीत बोटीवर काम करणारा एक जण राहतो. त्याचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही: "आम्ही एकही नियम मोडला नव्हता."

ते खरंही आहे. तिथे फक्त नर खेकडे ठेवतात, मादी आणि छोटे परत पाण्यात. दरवर्षी सरकारी सर्वेक्षण होतं, त्यावरून कोटा, म्हणजे किती पकडायचं ती मर्यादा, ठरतो आणि २००५पासून तो बोटमालकांमध्ये हिश्शाने वाटलेला आहे. जगात आदर्श म्हणून दाखवावी अशी व्यवस्था. तरीही हे झालं.

तर प्रश्न असा: समुद्रच बदलत असेल तर मासेमारीच्या व्यवस्थापनाला काही अर्थ उरतो का? की आपण फक्त शिल्लक मोजत बसायचं? जाणकारांनी लिहावं.

तिखटमीठ

हजार कोटी?? आकडा दोनदा वाचला. गेले कुठे?

काजवा

बहुधा उत्तरेकडे सरकले असतील. पाणी तापलं की सगळेच सरकतात.

ट्रॉम्सोवासी

काजवा, आधी सगळ्यांना तसंच वाटलं होतं. पण उत्तरेकडच्या सर्वेक्षणात एवढे खेकडे कुठेच सापडले नाहीत. २०२३मध्ये 'सायन्स'मध्ये जो अभ्यास आला, त्याचा निष्कर्ष जास्त वाईट आहे. बहुतेक खेकडे उपासमारीने मेले असावेत.

थोडं सविस्तर लिहिते, कारण मुद्दा इथेच आहे. बेरिंग समुद्राचा हा पूर्वेकडचा भाग उथळ आहे. हिवाळ्यात वर बर्फ धरतो तेव्हा त्यातलं मीठ खाली सुटतं आणि गार, खारट, जड पाणी तळाशी जाऊन बसतं. वरचा बर्फ उन्हाळ्यात वितळतो, पण तळाचं ते पाणी २ अंशांच्या खालीच राहतं. शास्त्रज्ञ त्याला 'कोल्ड पूल' म्हणतात. लहान स्नो क्रॅबचं ते माजघर. पॅसिफिक कॉड हा त्यांना खाणारा मासा, त्याला एवढी थंडी सोसत नाही म्हणून तो आत शिरत नाही.

२०१८च्या हिवाळ्यात तिथे नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी बर्फ धरला. थंड पाणी जवळपास उरलंच नाही. कॉड आत घुसला. पण मोठा घाव वेगळाच होता. खेकड्याचं रक्त थंड असतं, त्यामुळे भोवतालचं पाणी तापलं की त्याची भूक वाढते. २०१७च्या मानाने २०१८मध्ये त्या सगळ्या खेकड्यांना मिळून सुमारे चौपट अन्न लागलं असतं, असा त्या अभ्यासाचा हिशेब आहे. त्यात खेकड्यांची संख्या विक्रमी आणि जागा आक्रसलेली. मग काय होणार?

मोजलेल्या खेकड्यांचं वजनही त्यांच्या आकाराच्या मानाने कमी भरलं होतं.

वेसावकर

ट्रॉम्सोवासीताई, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे चिंबोरी घेताना आई बोटाने दाबून बघते. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ, असं आमच्यात मानतात. पोकळ चिंबोरी हातात घेतली की लगेच कळतं, दिसायला तेवढीच पण हाताला जड लागत नाही. म्हणजे त्या समुद्रात अख्खी पिढी पोकळ झाली.

मी मच्छीमार घरातला, वडील डोल (पिशवीसारखं मोठं जाळं) लावायला जायचे. आता मी नोकरी करतो, पण भावाची होडी आहे. प्रश्न जवळचा आहे, म्हणून वाचत राहणार.

हिशोबी

नीलकमळ, तुमचा शेजारी म्हणतो की नियम मोडला नाही. मान्य. पण नियम बनवणाऱ्यांचं काय? कोट्याचे आकडे ओळीने लावून बघा. २०१९-२०च्या हंगामात ३ कोटी ४० लाख पौंड वजनाचे खेकडे. २०२०-२१मध्ये ४ कोटी ५० लाख पौंड, म्हणजे साधारण २० हजार टन. पुढच्याच हंगामात ५६ लाख पौंड. आणि त्यानंतर शून्य.

आता २०२०मध्ये काय झालं? कोविडमुळे उन्हाळी सर्वेक्षणच झालं नाही. समुद्र तापल्यावर दोन वर्षांनी, एक अख्खं वर्ष न मोजता, कोटा *वाढवला*. ज्या वर्षी डोळ्यावर पट्टी होती त्याच वर्षी ताटात जास्त वाढून घेतलं. याला मी तरी आदर्श व्यवस्था म्हणणार नाही.

नीलकमळ

हिशोबी, हे मला माहीत नव्हतं. पण तो अभ्यास तर म्हणतो की मासेमारी हे मुख्य कारण नव्हतं?

ट्रॉम्सोवासी

दोन्ही बरोबर आहे. मेलेल्या खेकड्यांपुढे पकडलेले खेकडे किरकोळ होते, कारण मेले त्यात लहान आणि माद्यासुद्धा आल्या. कोटा शून्य असता तरी ही पडझड टळली नसती. पण हिशोबी म्हणतात ती सवय खरी आहे. जुनं सर्वेक्षण आणि त्यावरची गणितं धरून चालायचं, आणि पाण्याचं तापमान फक्त परिशिष्टात छापायचं.

सर्वेक्षण कसं होतं तेही सांगते. समुद्रावर २० सागरी मैलांच्या चौकटी आखलेल्या आहेत. बोट दर उन्हाळ्यात त्याच त्या ठिकाणी जाऊन तळातून जाळं ओढते. जागा बदलत नाही म्हणूनच वर्षानुवर्षांची तुलना करता येते. पण खेकडे किंवा कॉड त्या चौकटींच्या बाहेर गेले तर कागदावर ते मेल्यासारखेच दिसतात. म्हणून उत्तरेकडची सर्वेक्षणं आता महत्त्वाची झाली.

घाटमाथा

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. १९९९मध्येही हेच स्नो क्रॅब धोक्याच्या रेषेखाली गेले होते. तेव्हाही छाती पिटली गेली. मग पुनर्वसनाची योजना झाली आणि २०११मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. २०२४-२५ला हंगाम पुन्हा उघडलासुद्धा. निसर्गात भरती-ओहोटी चालतेच. प्रत्येक गोष्टीला हवामानबदलाचं लेबल लावायची घाई नको.

हिशोबी

उघडला, पण केवढा? ४७ लाख पौंडांच्या आसपास. ४ कोटी ५० लाखांपुढे १० टक्के. ओहोटीनंतर पाणी पूर्वीच्या रेषेला आलं की मग भरती म्हणू.

मांडवीकाठ

घाटमाथा यांना थोडा विरोध करते. भरती-ओहोटी होते हे खरं, पण ती ज्या तळावर होते तो तळच सरकतोय. गेल्या चार दशकांत आर्क्टिक पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलं. सप्टेंबर २०१२मध्ये तिथला समुद्री बर्फ ३४ लाख चौ. किमीपर्यंत खाली आला, तो आजवरचा नीचांक. त्यानंतर एकाही वर्षी ऐंशीच्या दशकातला बर्फ परत दिसलेला नाही.

मी वास्कोची. आमच्या गावातच ध्रुवीय आणि महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्यामुळे आर्क्टिक हा शब्द आमच्याकडे शाळेच्या सहलीत ऐकू येतो. :) नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंड इथे भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८पासून आहे. २०१४मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्ड या फ्योर्डच्या (डोंगरांमधल्या खोल खाडीच्या) पाण्यात आपल्या लोकांनी 'इंडआर्क' नावाची उपकरणांची साखळी सोडली, सुमारे १९२ मीटर खोलीवर. तापमान, क्षार, प्रवाह, सगळं ती पाण्याखालून वर्षभर नोंदवते, बाहेर रात्र असो की बर्फ.

त्या फ्योर्डचंच उदाहरण घ्या. एके काळी हिवाळ्यात तो गोठायचा. २००६पासून अटलांटिकचं कोमट पाणी आत येऊ लागलं आणि बर्फ धरणं अनियमित झालं. ऊब लागणारे निळे शिंपले स्वालबार्डवरून सुमारे हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते, ते २००४मध्ये पुन्हा सापडले. हजार वर्षांनी परत आलेल्या पाहुण्याला एका हंगामाचा चढउतार म्हणता येत नाही.

खारेवारे

बर्फ गेला तर मासे वाढायला हवेत ना? ऊन जास्त, शेवाळ जास्त, मासे जास्त. शाळेतलं गणित.

मांडवीकाठ

शेवाळ काही ठिकाणी वाढलंही आहे. पण *कुठलं* आणि *कधी* यावर सगळं अडतं. बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून एक शेवाळ वाढतं, वसंतात सगळ्यांत आधी. ते खाऊन तिथले कॅलॅनस जातीचे बारीक जीव अंगात चरबी साठवतात. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पण निम्मंअधिक शरीर तेलाचं. त्यांच्यावर पोलर कॉड जगतो, पोलर कॉडवर सील, नारव्हाल, समुद्रपक्षी. पोलर कॉडची अंडीही बर्फाच्या आडोशाला तरंगतात. बर्फ गेला की दक्षिणेकडचा कॅलॅनस येतो. तो लहान आणि त्याच्यात चरबी कमी. पोट भरायला तेवढंच खाल्लं तरी अंगाला लागत नाही. तुपातला शिरा जाऊन पाण्यातली पेज आली म्हणा.

तिखटमीठ

वेसावकरांची पोकळ चिंबोरी, मांडवीकाठताईंची पेज. हा धागा जेवणाआधी वाचायला नको होता. पण समजलं मात्र पक्कं.

ट्रॉम्सोवासी

खारेवारे यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू माझ्या दारातच आहे. इथे नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात ऊब आल्यावर कॉडचं आधी *भलं* झालं. चरायचं रान उत्तरेकडे वाढलं. शिवाय नॉर्वे आणि रशियाचा संयुक्त आयोग १९७०च्या दशकापासून कोटा ठरवतोय आणि त्यांनी नियम बऱ्यापैकी पाळले. २०१३मध्ये कोटा १० लाख टनांवर गेला. तेव्हा इथे सगळ्यांना वाटायचं, हवामान बदलतंय ते आपल्या पथ्यावर पडलं. २०२५चा कोटा ३ लाख ४० हजार टन होता. १९९१नंतरचा तोवरचा सर्वांत कमी.

मी एका प्रयोगशाळेत माशांची वयं मोजते. कॉडच्या डोक्यात, कानाजवळ, एक पांढरा खडा असतो. तो मधोमध मोडायचा आणि भिंगाखाली धरायचा. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, उन्हाळ्याचं रुंद, हिवाळ्याचं बारीक. मासा किती वर्षांचा, कुठल्या वर्षी भरभर वाढला, कुठल्या वर्षी अडला, सगळं त्या नखाएवढ्या खड्यात. आजकाल ट्रे समोर आला की माझं पहिलं लक्ष जातं ते कोवळ्या माशांच्या संख्येवर. पुढच्या पाच वर्षांचा कोटा त्यांच्यात असतो. ट्रेमध्ये ते कमी दिसले की दिवसभर मन लागत नाही.

वेसावकर

अहो ताई, घोळ माशाच्या डोक्यातले खडे! माझी आजी धुऊन पुसून आम्हाला खेळायला द्यायची. त्यात वय लिहिलेलं असतं हे आज कळलं. मुठीएवढे जमवले होते आम्ही.

ट्रॉम्सोवासी

तेच! घोळीच्या कुळातल्या माशांचे खडे चांगले मोठे असतात. तुमच्या मुठीत पन्नास-साठ वर्षांचा समुद्र होता.

अवांतर: इथे लोफोटेन बेटांवर कॉड लाकडी मांडवांवर टांगून सुकवतात, मीठ न लावता, फेब्रुवारीपासून मेपर्यंत. अगदी तुमच्या बोंबलांच्या वलांडीसारखं. पारा शून्याच्या आसपास राहावा लागतो. फार उतरला तर मासा गोठून फाटतो, फार चढला तर माशी बसते.

अनुराधा_के

मला नीलकमळ यांच्या मूळ प्रश्नातला दुसरा पदर दिसतो. मासा सीमा ओळखत नाही, कोटा मात्र सीमेवर थांबतो. उत्तर अटलांटिकच्या मॅकरेलचं काय झालं ते पाहा. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ. २००७च्या सुमारास तो मोठ्या संख्येने आइसलँडच्या पाण्यात जाऊ लागला. आइसलँड म्हणतं, आमच्या अंगणात चरतो तर वाटा द्या. नॉर्वे, ब्रिटन, युरोपीय संघ म्हणतात, वाटे आधीच ठरलेत. मग प्रत्येकाने आपापला कोटा आपणच लावून घेतला. सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर, वर्षानुवर्षं. २०१९मध्ये त्या मॅकरेलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र निलंबित झालं. भावकीत जमीन पडीक राहते, इथे मात्र भावकीत समुद्र उपसला जातो.

घाटमाथा

हे पटलं. म्हणजे दोष नुसता तापमानाला देऊन चालणार नाही, हाच तर माझा मुद्दा होता.

अनुराधा_के

घाटमाथा, अर्धा. तापमानाने मासा हलवला, भांडण माणसांनी केलं.

हिशोबी

आणि याच्या उलट एक चांगलं उदाहरण आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. आधी वाईट भाग सांगतो. बेरिंग समुद्राच्या मधोमध एक तुकडा अमेरिका आणि रशिया दोघांच्याही २०० मैलांच्या हद्दीबाहेर पडतो. त्याला 'डोनट होल' म्हणतात. कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. ऐंशीच्या दशकात जपान, कोरिया, पोलंड, चीन, सोव्हिएत अशा सगळ्यांचे ताफे तिथे पोलॉक मासा मारायला उतरले. १९८९मध्ये जवळपास १४ लाख टन. तीन वर्षांत ते काही हजार टनांवर आलं. १९९३ला मासेमारी थांबवली, १९९४ला करार झाला. तीस वर्षं झाली, तिथला पोलॉक अजून सावरलेला नाही.

त्या आठवणीतून पुढचा करार झाला. उत्तर ध्रुवाभोवतीचा मधला समुद्र, २८ लाख चौ. किमी, म्हणजे भूमध्य समुद्राहून मोठा, आजवर बर्फाखाली बंद होता. बर्फ हटू लागल्यावर ३ ऑक्टोबर २०१८ला ग्रीनलँडमध्ये इलुलिसाट इथे दहा पक्षांनी सही केली: आधी अभ्यास, तोवर व्यापारी मासेमारी बंद. अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, नॉर्वे, आइसलँड, डेन्मार्क, युरोपीय संघ. जून २०२१ला तो लागू झाला, पहिली मुदत १६ वर्षांची. एकही जाळं पडायच्या *आधी* झालेला असा दुसरा मोठा करार मला आठवत नाही.

खारेवारे

तिथे मासे आहेत तरी का?

मांडवीकाठ

फार थोडे दिसलेत. २०१९-२०ला एक जर्मन संशोधन जहाज मुद्दाम बर्फात अडकून वर्षभर वाहत राहिलं होतं. त्या मोहिमेत खोल पाण्यात मोजके अटलांटिक कॉड सापडले, जिथे ते असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. साठा म्हणावा असं काही नाही. पण म्हणूनच आधी थांबणं शहाणपणाचं. आपला देश त्या करारात नाही, पण आर्क्टिक परिषदेत २०१३पासून निरीक्षक आहे आणि २०२२ला आपलं आर्क्टिक धोरणही आलं. 'इंडआर्क'च्या नोंदी अशा अभ्यासाला उपयोगी पडाव्यात असं मला मनापासून वाटतं.

काजवा

धागा वाचतोय. नीलकमळ, तुमच्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं?

नीलकमळ

सगळ्यांचे आभार, एवढं उलगडून लिहिलंत.

शेजारी दोन हिवाळे दुसऱ्या मासेमारीवर गेला, हप्ते चुकले, बोटीतला हिस्सा विकला. पण त्याच्याहून मला सेंट पॉल बेट आठवतं. बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलॉफ बेटांमधलं, वस्ती चारेकशेची, बहुतेक उनांगान, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. गावाचं बरंचसं उत्पन्न खेकड्यांवरच्या करातून यायचं. हंगाम बंद झाल्यावर पोलीस, रुग्णवाहिका यांचे पैसे कुठून आणायचे असा प्रश्न पडला. त्या गावाने समुद्र तापवला नाही आणि कोटाही ठरवला नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. तुमचं वाचून मला असं वाटायला लागलंय की मी प्रश्न चुकीचा विचारला होता. कोटा निरुपयोगी नाही. मासे मोजून कोटा ठरवतात, पाणी मोजून ठरवत नाहीत, ही उणीव आहे. बर्फ धरला नाही हे २०१८च्या मार्चमध्येच दिसत होतं. खेकडे गेल्याचं कागदावर यायला २०२१ उजाडलं. ती तीन वर्षं आपल्या हातात होती.

ट्रॉम्सोवासी

अगदी हेच. आणि ते जमतं. अलास्काच्या आखातातल्या कॉडचं उदाहरण आहे. २०१४ ते १६च्या उष्ण लाटेने तो साठा कोसळला. तिथे आधीपासून नियम होता की अंडी घालणारे मासे मूळच्या २० टक्क्यांखाली गेले की मासेमारी आपोआप बंद, कारण स्टेलर जातीच्या समुद्रसिंहांनाही खायला हवं. २०२०ला रेष ओलांडली आणि संघराज्याच्या पाण्यातली कॉडची मासेमारी बंद झाली. बैठकीत कोणाला हात वर करायची वेळच आली नाही. तशीच रेष तापमानाला आणि बर्फाला लावा, एवढंच मागणं आहे.

वेसावकर

मी एक सांगू का. बाबा वही लिहायचे. तारीख, तिथी, कुठे डोल लावली, किती वाव पाणी, किती टोपल्या बोंबील, किती कोळंबी. वारा कुठला तेही. १९७८पासूनच्या वह्या माळ्यावर आहेत. शेवटच्या काही वह्यांत एक शब्द परत परत येतो, 'पाणी गरम'. आम्ही त्यांना हसायचो, हाताने काय कळणार म्हणून.

कोणाला उपयोग असेल तर काढतो.

मांडवीकाठ

वेसावकरदादा, काढाच! एकेक पान फोटो काढून ठेवा, वाळवी लागायच्या आत. तिथी आणि वाव दोन्ही असतील तर जागा आणि भरती ताडून बघता येईल.

ट्रॉम्सोवासी

मी टंकायला बसते. घोळीचे खडे उरले असतील तर तेही ठेवा जपून, वर्ष माहीत असेल तर वेगळ्या डबीत.

वेसावकर

खडे आईकडे विचारतो. वही उतरवली आत्ताच, १९८३ची हाताला लागली. पहिलं पान टाकतोय, अक्षर मोडी वळणाचं आहे, लावून घ्या.